साठीनंतर नियमित वर्गात बसून एम.ए. (इतिहास) : बेळगाव-खानापूरकडील जाणकारांचा सल्ला हवा आहे

नमस्कार.

खानापूर तालुक्यातील एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेतून मी २०२४ मध्ये शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. नोकरीत असताना मुलांची सहल कितीदा तरी हलशीला नेली आणि प्रत्येक वेळी भूवराह नरसिंहाच्या देवळासमोर उभे राहून 'हीच कदंबांची पलाशिका', म्हणजे कदंब राजघराण्याची जुनी राजधानी, एवढे सांगून मुलांना डबे उघडायला लावले. इथे सापडलेल्या ताम्रपटांत काय लिहिले आहे, असे एकदा चौथीतल्या मुलीने विचारले, तेव्हा मला सांगता आले नाही. ते आता रीतसर शिकायचे आहे.

माझी बी.ए.ची पदवी १९८६ ची, धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाची आहे; आमच्या भागाचे, बेळगावचे राणी चन्नम्मा विद्यापीठ नंतर, २०१० मध्ये स्थापन झाले. त्यामुळे इथे प्रवेश घेताना धारवाडहून मायग्रेशन सर्टिफिकेट (एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाण्याचा दाखला) आणावे लागेल, असे दिसते. अडचण अशी, की गुणपत्रिकेवर माहेरचे नाव आहे आणि आधारवर सासरचे. विवाह नोंदणीचा दाखला पुरतो, की प्रतिज्ञापत्रही करावे लागते? एका महाविद्यालयात चौकशीला गेले, तर खिडकीवरच्या गृहस्थांनी मान वर न करताच "नातवाचा प्रवेश आहे का?" असे विचारले आणि माझा प्रश्न तिथेच राहिला.

इग्नू या मुक्त विद्यापीठातून एम.ए. इतिहास करता येते, त्याला वयाची कमाल मर्यादा नाही आणि दोन वर्षांचा अभ्यासक्रम चार वर्षांपर्यंत पुरा करता येतो, हे मला ठाऊक आहे. पण टपालाने आलेली पुस्तके घरी वाचण्यात माझे मन लागणार नाही. मला फळा, शिकवणारा माणूस आणि शेजारी शंका विचारणारे कोणीतरी हवे आहे. अमेरिकेत ओहायोला असलेली माझी भाची सांगते, की तिथल्या सरकारी विद्यापीठांत साठी ओलांडलेल्या रहिवाशांना, वर्गात जागा शिल्लक असेल तर, श्रेयांक न घेता विनाशुल्क बसता येते. आपल्याकडे विभागप्रमुखांना अर्ज देऊन असे नुसते श्रोता म्हणून बसल्याचा कोणाला अनुभव आहे का? परीक्षा दिलीच पाहिजे, असा माझा आग्रह नाही.

नियमित प्रवेशच घ्यावा लागला, तर हजेरीची अट वयस्कर विद्यार्थ्यांसाठी शिथिल होते का, हेही कळावे. खानापूरहून भूतरामनहट्टीला, म्हणजे विद्यापीठाच्या आवारात, रोज जाण्याचा खर्च मला नाही, कारण कर्नाटकात महिलांना मोफत बसप्रवास देणाऱ्या शक्ती योजनेमुळे साध्या बसमध्ये तिकीट पडत नाही. गुडघ्यांचे तेवढे बघावे लागेल.

शेवटचा प्रश्न भाषेचा. कन्नड वर्तमानपत्र मी सावकाश का होईना वाचते, परंतु त्या भाषेत दहा-दहा गुणांची उत्तरे लिहिणे मला जमणार नाही, आणि इंग्रजीचा सराव सुटून चाळीस वर्षे होत आली. मराठी माध्यमातून शिकून पुढे इथेच इतिहासात एम.ए. केलेल्यांनी वर्गातील व्याख्याने कोणत्या भाषेत होतात आणि उत्तरपत्रिका कोणत्या भाषेत लिहिली, ते कृपया सांगावे. त्यावरच अर्ज भरायचा की आधी वर्षभर कन्नड लेखनाची शिकवणी लावायची, हे मला ठरवता येईल.