जपानचा डिपेंडंट व्हिसा: २८ तासांची परवानगी आधी काढावी, की थेट नोकरीचं स्टेटस धरावं?

धंतोलीकर

नागपूरच्या मिहानमधून नवऱ्याची बदली जपानला झाली की सोबत जाणाऱ्या बायकोला आपल्याकडे हमखास सांगतात, "आधी बस्तान बसू दे, काम मिळालं की परवानगीचं पाहू." मला हा सल्ला साफ चुकीचा वाटतो. डिपेंडंट (म्हणजे नोकरदाराच्या आश्रित जोडीदाराच्या) स्टेटसवर मुळात कामाला बंदीच आहे, रेसिडेन्स कार्डाच्या (तिथल्या परदेशी रहिवाशाच्या ओळखपत्राच्या) पुढच्या बाजूवर तसं छापलेलं असतं. काम करायचं तर इमिग्रेशनकडून 'शिकाकुगाई कात्सुदो क्योका', म्हणजे स्टेटसबाहेरचं काम करायची परवानगी, घ्यावी लागते.

आठवड्याला २८ तासांच्या सरसकट परवानगीला हातात ऑफर लागत नाही आणि फी शून्य आहे. अर्ज भरायचा, पासपोर्ट आणि रेसिडेन्स कार्ड दाखवायचं. निकालाला मात्र दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत वेळ जातो. दुकानदार एवढा थांबत नाही, शिफ्ट दुसऱ्याला देऊन मोकळा होतो. म्हणून पत्ता नोंदवला (त्याला १४ दिवसांची मुदत असते) की लगेच अर्ज टाका. परवानगीची नोंद कार्डाच्या मागे येते. पुढची 'काम नाही' ही ओळ तशीच राहते, तेव्हा मुलाखतीत कार्ड उलटून दाखवा.

लक्ष्मीनगर_चौक

भाऊ, परवानगी काढायला माझा विरोध नाही. पण तुम्ही त्यालाच मुक्काम समजून राहिले, तिथं माझं भांडण आहे. हिशेब मांडा. टोकियोत ऑक्टोबर २०२५ पासून किमान वेतन तासाला १,२२६ येन आहे. २८ तास वर्षभर केले तर सुमारे १७ लाख ८५ हजार येन होतात. नवऱ्याच्या आरोग्यविम्यात आश्रित म्हणून राहायची मर्यादा १३ लाख आहे आणि तीत जाण्यायेण्याचा भत्तासुद्धा धरतात. म्हणजे वीस तासांपुढे गेलं की स्वतःचा विमा आणि पेन्शन भरा. पन्नासहून जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीत तर आठवड्याला २० तासांच्या करारावर बहुधा 'शाकाई होकेन' (नोकरदारांचा आरोग्यविमा आणि पेन्शन) लागतोच. थोडी मर्यादा ओलांडणाऱ्याच्या हातात आधीपेक्षा कमी पैसे पडतात.

बीई, बीकॉम झालेल्या मुलीनं वर्षानुवर्षं बेंतोचे डबे भरावेत का? तिनं पहिलं वर्ष भाषेवर घालवावं आणि पदवीशी जुळणारी नोकरी धरून 'इंजिनिअर/मानव्यविद्या' स्टेटसला बदल मागावा. मग तासांची मर्यादा जाते. नवऱ्याची नोकरी गेली तरी तिचं स्टेटस तिच्या नावावर राहतं. डिपेंडंटचं तसं नाही, त्याचं मूळच नवऱ्याच्या व्हिसात असतं.

त्यासाठी नागपूर सोडण्याआधी विद्यापीठाची मूळ पदवी हातात घ्या, मार्कशीट आणि प्रोव्हिजनलवर विसंबू नका. महापालिकेच्या झोन ऑफिसातून विवाह प्रमाणपत्र काढताना त्यावरचं नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळतंय का पाहा. माहेरचं नाव एकीकडे, सासरचं दुसरीकडे असलं की डिपेंडंटच्या कागदांतच पहिली अडचण येते.

सदर_कट्टा

ताई, एक वर्ष घरी बसून भाषा शिकायची म्हणजे त्या वर्षाचा खर्च कोण करणार? आणि जपानी बोलायची सवय क्लासपेक्षा काउंटरवर लवकर लागते. शिवाय कापलेली पेन्शन बुडीत नसते. किमान सहा महिने भरली असेल आणि जपान सोडल्यावर दोन वर्षांच्या आत अर्ज केला, तर एकरकमी परतावा मिळतो. नोकरदारांच्या पेन्शनवर त्यातून २०.४२ टक्के कर कापतात, तोही तिथं कर प्रतिनिधी नेमून परत मागता येतो.

धंतोलीकर

पेन्शनचं बरोबर. पण २८ तासांत लोक खरे फसतात ते वेगळ्याच जागी. ही मर्यादा सोमवार ते रविवार मोजत नाहीत, कुठल्याही दिवसापासून सलग सात दिवस धरतात. या आठवड्यात गुरुवार ते रविवार रोज सात तास केले, २८ झाले. पुढच्या आठवड्यात सोमवार ते गुरुवार सात-सात, पुन्हा २८. दोन्ही आठवडे कागदावर स्वच्छ दिसतात, पण पहिल्या गुरुवारपासून बुधवारपर्यंत मोजा, ४९ तास निघतात. ओव्हरटाइम यात येतो, दोन दुकानांचे तास एकत्र धरतात. विद्यार्थ्यांना लांब सुट्टीत मिळणारी रोज आठ तासांची सवलत डिपेंडंटला नाही. मॅनेजर म्हणाला "आजच्या दिवस थांब," तरी नाही म्हणा. जास्तीचं उत्पन्न कर प्रमाणपत्रात उमटतं आणि मुदतवाढीच्या वेळी तेच इमिग्रेशनच्या टेबलावर जातं.

मानेवाडा_रिमोट

नागपूरच्याच एका क्लायंटचं काम जपानमध्ये बसून लॅपटॉपवर करायचं, पैसे नागपूरच्या खात्यात. याला कशाला परवानगी?

लक्ष्मीनगर_चौक

लागते. खातं कुठलं हे कोणी पाहत नाही, काम करताना माणूस कुठं बसलाय हे पाहतात. आणि सरसकट परवानगी इथं पुरत नाही, कारण फ्रीलान्सचे तास बाहेरून मोजता येत नाहीत. त्यासाठी त्या कामापुरती वेगळी परवानगी मागावी लागते. सोबत करार, कामाचं स्वरूप, तास आणि मोबदला लिहून द्यावा लागतो. खाणं पोहोचवायच्या ॲपचंही हेच. आणि पाचिंको (जुगारी खेळयंत्रांची दुकानं), महजोंगचे अड्डे, होस्टेस बार असल्या ठिकाणी तर भांडी घासायलाही चालत नाही.

सदर_कट्टा

एक राहिलं. नवरा 'हायली स्किल्ड प्रोफेशनल' (उच्च कौशल्यवाल्यांचं खास स्टेटस) असेल तर बायकोला पदवीची अट न लावता ठरावीक क्षेत्रांत पूर्णवेळ कामाची वेगळी सोय आहे, मात्र दोघांनी एकत्र राहायला हवं. तेव्हा ताई, नवऱ्याचं स्टेटस पाहिल्याशिवाय प्रत्येकीला वर्षभर क्लासला बसवू नका.

लक्ष्मीनगर_चौक

तो मार्ग मान्य. पण नवरा साध्या वर्क व्हिसावर असेल तर माझं म्हणणं तेच: परवानगी काढा, वीस तासांच्या आत राहा, उरलेला वेळ भाषेला द्या. आणि मुदतवाढीच्या अर्जासोबत २८ तासांचा अर्ज पुन्हा जोडा. जुनी परवानगी जुन्या मुदतीबरोबर संपते, ती आपोआप पुढे सरकत नाही.