टीका पटते, तरीही मालिका आवडते: हे कसे मांडावे?

अबोली, फोंडा
नमस्कार. रात्री सासूबाईंसोबत मी एक मराठी कौटुंबिक मालिका नियमितपणे पाहते आणि ती मला मनापासून आवडते. नोव्हेंबरमध्ये पणजीत इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो, तेव्हा तिथले संथ, अवघड चित्रपटही मी तितक्याच गोडीने पाहते. आमच्या वाचनमंडळात मात्र मालिकेचा विषय निघाला की, कथा ताणली जाते, खलनायिका एकसुरी आहे, सुनेचे सोसणे हाच तिचा सद्गुण ठरवला जातो, असे आक्षेप येतात. ते मला खोटे वाटत नाहीत आणि अडचण नेमकी तीच आहे. टीका चुकीची असती, तर मी वाद घातला असता. टीका मान्य असूनही आनंद उरतो, तेव्हा तो मंडळात कसा मांडावा?

नाट्यरसिक, म्हार्दोळ
अबोलीताई, आपल्याकडच्या देवस्थानांच्या उत्सवांतील मराठी नाटके आठवून पाहा. शिक्षक, कारकून, बागायतदार अशी गावातलीच माणसे रंगमंचावर उभी राहतात, तेच ऐतिहासिक नाटक पुन्हा लागते आणि प्रेक्षकांतील अनेकांना संवाद नटांइतकेच पाठ असतात. एखाद्याचा स्वर चढा लागला, प्रवेश लांबला, तर दुसऱ्या दिवशी देवळाच्या पायऱ्यांवर त्याची सविस्तर चिकित्सा होते, आणि ती करणारे तेच असतात, जे पडदा पडेपर्यंत जागेवरून हललेले नसतात. दोष दिसणे आणि रमणे या दोन्ही गोष्टी एकाच प्रेक्षकाच्या ठायी सुखाने नांदतात, हे गोव्यातील रसिकाला नव्याने शिकवावे लागत नाही.

एक बचाव मात्र टाळावा. ‘कागज के फूल’ १९५९ मध्ये तिकीटबारीवर अपयशी ठरला आणि पुढे अभिजात मानला गेला, तसेच या मालिकेचेही होईल, असे म्हणू नये. बहुतेक कलाकृतींच्या वाट्याला असे पुनर्मूल्यांकन येत नाही, आणि आपल्या आवडीला त्याची गरजही नाही.

माधवी, म्हापसा
वरील मताशी मी अंशतःच सहमत आहे. लांबलेला प्रवेश हा रचनेचा दोष आहे. सोसण्याचा गौरव हा आशयाचा प्रश्न आहे आणि तो उत्सवी नाटकाच्या जिव्हाळ्याने सुटत नाही. ‘माहेरची साडी’ १९९१ मध्ये आला, तेव्हा स्त्रियांनी तो रडत रडत पाहिला. मला वाटते, त्यांतील अनेकींनी पडद्यावर आपले दुःख ओळखले, पण नायिकेचा सोसण्याचा मार्ग आपलाही आहे, असे त्यांनी मानलेच असेल असे नाही. म्हणून मंडळात ‘मला आवडते’ एवढ्यावर थांबू नका. नेमका कोणता प्रसंग आवडला आणि कोणता खटकला, हे दोन्ही सांगा. सासूबाई मालिका पाहताना काय बोलतात, हेही मला जाणून घ्यावेसे वाटते.

संकलक, पर्वरी
थोडी तांत्रिक भर घालतो. दैनंदिन मालिकेचे बरेचसे चित्रीकरण प्रक्षेपणाच्या थोडेच दिवस आधी होते आणि प्रेक्षकसंख्येचे आकडे आठवड्याला येतात, त्यामुळे कथेची दिशा चालू असतानाच बदलते. एकाच वाक्यावर सगळ्यांचे चेहरे दाखवण्यामागे वेळ भरून काढण्याची निकडही असते. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनामुळे महाराष्ट्रात चित्रीकरण थांबले, तेव्हा काही मराठी मालिकांचे संच गोव्यात आले, आणि मे महिन्यात इथलीही परवानगी रद्द झाली. तशा काळातही भाग द्यावेच लागतात. या घाईत एखादी अभिनेत्री एखादा प्रसंग खरा करून दाखवते, तेव्हा त्या कसबाला दाद देणे पूर्णपणे रास्त आहे.

अबोली, फोंडा
सर्वांचे आभार. माधवीताई, सासूबाई जाहिरातींच्या वेळात बोलतात: लग्नानंतरची पहिली चतुर्थी, गणपतीच्या वर फळाफुलांनी सजवून टांगायच्या माटोळीची तयारी, तेव्हा गिळलेले शब्द. मालिकेतील सून गप्प राहिली की, ‘हिने बोलायला हवे होते,’ असे त्या स्पष्ट म्हणतात. येत्या बैठकीत मी तोच एक प्रसंग घेऊन बोलेन आणि सुनेचे सोसणे आम्हा दोघींनाही पटत नाही, हेही सांगेन. खलनायिकेबाबत मात्र मंडळाचे म्हणणे मला अजूनही तंतोतंत मान्य आहे.