एकेरी साखळी स्पर्धेत एक डाव जास्त पांढऱ्याने: गुणांत किती फरक पडतो?

काळाघोडा_६४
नेदरलँड्समधल्या विक आन झीच्या टाटा स्टील मास्टर्समध्ये १४ खेळाडू आणि १३ फेऱ्या, प्रत्येकाशी एकदाच डाव. म्हणजे सात जण ७ डाव पांढऱ्याने आणि ६ काळ्याने खेळतात, बाकीच्या सात जणांचं उलटं. १० जणांची स्पर्धा असली की ५-४. कॅन्डिडेट्समध्ये (जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा) हा प्रश्नच येत नाही. ८ जण, दुहेरी साखळी, प्रत्येकाशी एकदा पांढरं आणि एकदा काळं. मग एकेरी साखळीत चिठ्ठी काढतानाच अर्ध्या लोकांचं नुकसान होतं का? २७०० रेटिंगच्या वर, म्हणजे अव्वल खेळाडूंत, हा जादा पांढरा डाव किती गुणांचा? ‘पांढऱ्याला ५५ टक्के’ हे सगळीकडे वाचलंय, त्याच्या पुढचा हिशेब कुणी मांडेल का?

बर्गर_तक्ता
५५ टक्केच धरू. बरोबरीच्या ताकदीच्या खेळाडूला पांढऱ्याने दर डावाला ०.५५ आणि काळ्याने ०.४५ गुण अपेक्षित.

७ पांढरे, ६ काळे: ३.८५ + २.७० = ६.५५
६ पांढरे, ७ काळे: ३.३० + ३.१५ = ६.४५

फरक ०.१ गुण, तोही १३ फेऱ्यांत मिळून. आता याच्यासमोर नशिबाचा वाटा ठेवा. १०० डावांत ६० बरोबरी, २५ पांढऱ्याचे विजय, १५ काळ्याचे असं धरलं (५५ टक्के यातून बरोबर निघतात), तर एका डावाचं प्रमाण विचलन (सरासरीपासून साधारण किती चढउतार होतो ते) ०.३१ येतं आणि १३ डावांचं सुमारे १.१ गुण. म्हणजे त्या ०.१ च्या अकरा पट चढउतार नुसत्या योगायोगाने होतो.

आणखी एक. फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या) तक्त्यात ५५ टक्के म्हणजे ३६ रेटिंग गुणांचा फरक. २७५० चा खेळाडू काळ्याने बसला की समोरच्या २७१४ वाल्याशी साधारण बरोबरीत येतो. रेटिंगचा बदल काढताना मात्र फिडे रंग बघतच नाही.

नंबरांबद्दल: बर्गर तक्त्यात (कोण कुणाशी कुठल्या फेरीत कुठल्या रंगाने खेळणार ते खेळाडूच्या नंबरावरून ठरवणारा तक्ता) पहिल्या अर्ध्या नंबरांना जादा पांढरा मिळतो, १४ जणांत १ ते ७. एक नंबरवाल्याला पहिल्या दोन्ही फेऱ्या पांढऱ्याने. म्हणून काही ठिकाणी नंबर चिठ्ठीने न देता खेळून मिळवायला लावतात. नॉर्वे चेस २०१३ मध्ये १० जणांनी आदल्या दिवशी ब्लिट्झ (काही मिनिटांचे झटपट डाव) खेळून नंबर ठरवले आणि वरच्या पाच जणांना पाचवा पांढरा मिळाला. ती ब्लिट्झ कार्याकिनने जिंकली आणि मुख्य स्पर्धाही त्यानेच. पण यावरून काही सिद्ध होत नाही, एका स्पर्धेवरून कधीच होत नाही.

उंटाची_जोडी
०.१ मान्य, पण सरासरी इथे थोडी फसवते. वरच्याच आकड्यांत निकाली डाव ४० आणि त्यातले २५ पांढऱ्याचे, म्हणजे आठातले पाच. पहिला नंबर निकाली डावांवर ठरतो. विक आन झीला २०२३, २०२४ आणि २०२५ अशी तिन्ही वर्षं ८.५ गुणांवर पहिलं स्थान मिळालं, म्हणजे हरलेल्या डावांपेक्षा चार डाव जास्त जिंकायचे. २०२४ मध्ये तर वेई यी, गुकेश, अब्दुसत्तोरोव आणि गिरी असे चौघे ८.५ वर होते. इतकी गर्दी असताना ०.१ अगदीच किरकोळ म्हणता येत नाही.

माझ्या मते जादा पांढरा आहे की नाही यापेक्षा तो कुणाविरुद्ध आला हे आधी बघावं. तळाच्या खेळाडूविरुद्ध पांढरं आलं तर जिंकण्यासाठी जोर लावता येतो. त्याच माणसाविरुद्ध काळं आलं आणि त्याने पहिल्यापासून बरोबरीचाच रस्ता धरला, तर सिसिलियन किंवा किंग्ज इंडियनसारखे आक्रमक बचाव खेळून धोका पत्करावा लागतो, आणि असे डाव उलटतातही. अव्वल खेळाडूविरुद्ध काळं आलं तर अर्धा गुण चालून जातो.

प्याद्याचा_वजीर
मुळात पांढऱ्याला मिळतं काय? एक चाल. सुरुवातीच्या स्थितीला इंजिन (बुद्धिबळाचा संगणक प्रोग्राम) ०.२ ते ०.३ प्याद्यांची आघाडी दाखवतं, तेवढ्यावर डाव जिंकता येत नाही. खरा फायदा असा की डाव कुठल्या रस्त्याने जाणार हे आधी पांढरा ठरवतो, आणि काळ्याला प्रत्येक रस्त्यासाठी उत्तर पाठ ठेवावं लागतं.

हा फायदा कसा विरतो ते बर्लिन बचावात दिसतं. २००० साली लंडनला जगज्जेतेपदाच्या सामन्यात क्राम्निकने कास्पारोवच्या ई४ या पहिल्या चालीवर बर्लिनची भिंत उभी केली. आठव्या चालीला वजीर कटतात, काळ्याला कॅसलिंग करता येत नाही, तरी भिंत काही पडत नाही. १५ डावांत कास्पारोव एकही जिंकला नाही, आणि क्राम्निकचे दोन्ही विजय पांढऱ्याने. म्हणून आता बरेच जण चौथ्या चालीला डी३ किंवा पाचव्याला हत्ती ई१ खेळून वजिरांची ती काटाकाट टाळतात. पण डी३ ने डाव संथ होतो आणि काळ्यालाही घरी शोधून आणलेलं काहीतरी वापरायची संधी मिळते. टोरोंटो २०२४ च्या कॅन्डिडेट्समध्ये दुसऱ्या फेरीत नाकामुरा पांढऱ्याने होता. नाशिकच्या विदितने बर्लिनमध्येच एच३ वर उंटाचा बळी दिला आणि डाव काळ्याने जिंकला.

डिंग आणि गुकेश यांच्यातला जगज्जेतेपदाचा २०२४ चा सामना घ्या. सिंगापूरला १४ डाव, त्यात पाच निकाली. तिसरा, अकरावा आणि बारावा पांढऱ्याने जिंकला, पहिला आणि चौदावा काळ्याने. पहिल्यात डिंगने फ्रेंच बचाव काढला. चौदाव्यात पांढऱ्याने खेळणाऱ्या डिंगने गुकेशला तयारीतून काहीच त्रास दिला नव्हता, डाव संपला तो त्याच्या हत्तीच्या एका चुकीने.

काळाघोडा_६४
धन्यवाद, बरंच सुटलं. मला स्वतः डेटाबेसमधून टक्केवारी काढायची आहे. एका स्पर्धेचे डाव पुरतील का? आणि आर्मगेडॉनमध्ये (बरोबरी फोडायला खेळवतात त्या निर्णायक डावात) काळ्याला बरोबरी म्हणजे विजय देतात, ती ‘किंमत’ बरोबर बसते का?

बर्गर_तक्ता
नाही पुरणार. १४ जणांच्या स्पर्धेत एकूण ९१ डाव. त्यावर काढलेल्या टक्केवारीची प्रमाण त्रुटी (नुसत्या योगायोगाने आकडा साधारण किती हलतो ते) ३.३ टक्के, म्हणजे खरं प्रमाण ५५ असूनही एखाद्या वर्षी ४९ किंवा ६१ दिसू शकतं. एक टक्क्याच्या आत यायचं तर हजारभर डाव लागतात, आणि तेव्हाही ५३ ते ५७ एवढंच ठामपणे म्हणता येतं.

गाळणी अशी लावा: फक्त क्लासिकल (लांब वेळेचे डाव), दोघेही २७०० च्या वर. रॅपिड, ब्लिट्झ आणि टायब्रेक काढून टाका. नॉर्वे चेसच्या फाइलमध्ये आर्मगेडॉन मिसळलेले असतील तर ते आधी वेगळे करा, नाहीतर आकडे बिघडतात. स्विस स्पर्धेचे (जिथे सगळे सगळ्यांशी खेळत नाहीत, गुणांनुसार जोड्या लागतात) डाव घेत असाल तर दोघांच्या रेटिंगचा फरकही वजा करा, कारण तिथे रंग आणि ताकद यांचा मेळ आपोआप बसत नाही.

उंटाची_जोडी
आर्मगेडॉनचं उत्तर: वेळ सारखी ठेवली तर किंमत पांढऱ्याला फारच महाग पडते. वरचं ६०-२५-१५ लावलं तर पांढऱ्याच्या वाट्याला २५ टक्केच येतात. वेळ कमी असली की चुका वाढतात आणि बरोबऱ्या घटतात, त्यामुळे प्रत्यक्षात तो आकडा वर जातो, पण निम्म्यापर्यंत पोचायला पुरत नाही. म्हणून नॉर्वेत पांढऱ्याला १० मिनिटं आणि काळ्याला ७. दुसरा मार्ग बोलीचा: जो कमी वेळ मागेल त्याला काळं. त्यात किंमत आयोजकांऐवजी खेळाडूच ठरवतात, म्हणून मला तो जास्त पटतो.

प्याद्याचा_वजीर
टक्केवारी काढताना २४०० च्या खालचे डाव वेगळ्या रकान्यात ठेवा. तिथे चुका इतक्या मोठ्या असतात की एका चालीचा फायदा त्यांत बुडून जातो. दुसऱ्या टोकाला पत्रव्यवहाराचं बुद्धिबळ आहे. तिथे इंजिन वापरायची मुभा असते आणि वरच्या गटात जवळजवळ सगळेच डाव बरोबरीत सुटतात. इंजिनांच्या टीसेक स्पर्धेत तर मुद्दाम एका बाजूला झुकलेलं ओपनिंग देतात आणि रंग बदलून तेच पुन्हा खेळवतात, नाहीतर निकालच लागत नाही.