हिवताप एकदा होऊन गेला, तरी पुन्हा का होतो?

प्रश्न : जुळे सोलापूरकर

माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त काही वर्षांपासून गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यात राहतो. तिथल्या पहिल्याच पावसाळ्यात त्याला फाल्सिपेरम जातीच्या परजीवीचा हिवताप झाला आणि तो इतका जोराचा होता की त्याला रुग्णालयात दाखल करावे लागले. पुढे तो पुन्हा झाला, मात्र त्या वेळी ताप बेताचा होता. मध्यंतरी त्याची बदली सोलापूरला झाली, तो काही वर्षे घरीच राहिला, आणि परत गेल्यानंतर त्याला पुन्हा थंडी वाजून चांगलाच ताप भरला. त्याच सुमारास गावात घरोघरी रक्ततपासणी झाली, तेव्हा शेजारच्या एका आजोबांच्या रक्तात परजीवी सापडले, पण त्यांना साधी कणकणही नव्हती आणि ते रोजच्यासारखे शेतावर जात होते.

गोवर एकदा झाला की जन्मात पुन्हा होत नाही, असे आपण लहानपणापासून ऐकतो. मग हिवतापाच्या बाबतीत शरीर काहीच शिकत नाही का, आणि शिकत असेल तर त्या आजोबांचे शरीर नेमके काय शिकले आहे? हे विचारण्याचे कारण असे की माझी वहिनी आता त्याच्याकडे राहायला जाणार आहे आणि तिला चौथा महिना आहे.

उत्तर : होटगी रस्ता

मी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. आपल्या प्रश्नातच अर्धे उत्तर आहे, कारण आपल्या भावाला आलेला अनुभव आणि त्या आजोबांची तब्येत या एकाच प्रक्रियेच्या दोन अवस्था आहेत.

गोवराच्या विषाणूची ज्या भागांवरून ओळख पटते ते भाग फारसे बदलत नाहीत, म्हणून एकदा तयार झालेली प्रतिकारशक्ती जन्मभर पुरते. फाल्सिपेरम परजीवीचे तसे नाही. त्याचा जनुकसंच २००२ मध्ये प्रथम पूर्ण वाचला गेला. त्यात १४ गुणसूत्रे आणि सुमारे ५,३०० जनुके आहेत, आणि त्यांपैकी साधारण ६० जनुके ‘व्हार’ या एकाच कुटुंबातील आहेत. या कुटुंबातील प्रत्येक जनुक पीएफईएमपी-१ नावाच्या प्रथिनाचे वेगळे रूप तयार करते. परजीवी तांबड्या पेशीत शिरला की हे प्रथिन त्या पेशीच्या पृष्ठभागावर येते आणि तिला रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीला चिकटवून ठेवते. चिकटलेली पेशी प्लीहेतून फिरत नाही, आणि अशा बिघडलेल्या पेशी गाळून नष्ट करण्याचे काम तर प्लीहेचेच असते. मेंदूच्या सूक्ष्म वाहिन्यांमध्ये अशा पेशींची दाटी झाली की रोगी बेशुद्ध होतो.

आता यातली खरी मेख सांगते. ही साठ रूपे परजीवी एकाच वेळी बाहेर काढत नाही. आपल्याकडच्या जकार्ड मागाच्या विणकराजवळ नक्षीच्या पत्त्यांचे अनेक संच असावेत, पण मागावर एका वेळी एकच चढवलेला असावा, तसे हे चालते. शरीर काही दिवसांत त्या एका नक्षीविरुद्ध प्रतिपिंडे (अँटीबॉडी) तयार करते आणि बहुतेक परजीवी मारले जातात. मात्र तोवर काहींनी संच बदललेला असतो, ते ओळखू येत नाहीत आणि त्यांचीच संख्या पुन्हा वाढते.

शिवाय दोन ठिकाणच्या परजीवींचे हे साठ संचही एकसारखे नसतात. डासाने एकाच माणसाचे रक्त पिताना दोन वेगळ्या वाणांचे परजीवी घेतले, तर डासाच्या पोटात त्यांचे नर-मादी एकत्र येतात आणि जनुकांची नवी सरमिसळ होते. रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डासाच्या जठराच्या भिंतीत ज्या गाठी पाहिल्या, त्या तयार होण्याच्या आधीच हा संकर झालेला असतो. सोलापूरहून रेल्वेने काही तासांवर असलेल्या गावात हा शोध लागला, याचे मला प्रत्येक वर्षी शिकवताना अप्रूप वाटते. जिथे हिवताप दाट असतो, तिथे एकाच माणसात अनेक वाण सापडतात आणि असा संकर वरचेवर होतो; जिथे तो विरळ असतो, तिथे परजीवी बहुधा आपल्याच वाणाशी जुळतो आणि विविधता कमी राहते.

त्यामुळे शरीर शिकते, पण तुकड्यातुकड्याने. जिवावर बेतणाऱ्या आजारापासूनचे संरक्षण त्या मानाने लवकर, थोड्याच संसर्गांनंतर मिळू लागते, साध्या तापापासूनचे मिळायला अनेक वर्षे लागतात, आणि परजीवी रक्तात टिकूच नये इतकी पक्की प्रतिकारशक्ती जवळजवळ कोणालाच येत नाही. त्या आजोबांचे शरीर परजीवींची संख्या ताप येणार नाही इतकी खाली ठेवायला शिकले आहे. छत्तीसगडमधील बस्तरमध्ये २०२० पासून लक्षणे न पाहता घरोघरी रक्त तपासले गेले, तेव्हा बाधितांपैकी बऱ्याच जणांना ताप नव्हता. पण असा माणूस निरोगी असतो असे समजू नये, कारण त्याच्या रक्तातून डासाला परजीवी मिळत राहतात आणि त्याला स्वतःला रक्तक्षय होऊ शकतो.

या संरक्षणात प्रतिपिंडांचा वाटा मोठा आहे, हे १९६१ मध्ये गॅम्बियात दिसून आले. तिथल्या प्रौढांच्या रक्तातून वेगळी काढलेली प्रतिपिंडे हिवतापाने आजारी असलेल्या मुलांना दिली, तेव्हा मुलांच्या रक्तातील परजीवी झपाट्याने कमी झाले. ही प्रतिपिंडे संसर्ग थांबला की हळूहळू घटतात. आपला भाऊ सोलापुरात असताना नेमके हेच झाले असावे.

उत्तर : निवृत्त आरोग्य सेवक, बार्शी

मॅडमनी फाल्सिपेरमविषयी सविस्तर लिहिले आहेच. मी एवढेच जोडतो की परत आलेला प्रत्येक ताप नवीन डासाचाच असतो असे नाही. व्हायव्हॅक्स जातीचे परजीवी यकृतात झोपून राहतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी उठतात, म्हणून त्यासाठी प्रायमाक्विनच्या गोळ्या १४ दिवस घ्याव्या लागतात. ताप उतरला की लोक चौथ्या-पाचव्या दिवशी गोळ्या सोडून देतात, ही माझ्या नोकरीतील कायमची खंत आहे. भावाच्या प्रत्येक वेळच्या तपासणीच्या कागदावर कोणती जात लिहिली आहे, ते जरूर पाहा.

दुसरे म्हणजे, आपल्या जिल्ह्यातील माणसाच्या अंगात या रोगाची प्रतिकारशक्ती नसल्यातच जमा आहे, त्यामुळे बाहेरून आलेला परजीवी इथे सहज पसरू शकतो. सोलापूर शहरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे घरोघरी हौद, पिंपे आणि गच्चीवरच्या टाक्या भरलेल्या असतात, आणि शहरी हिवताप पसरवणारा स्टीफेन्सी जातीचा ॲनॉफिलिस डास नेमक्या अशाच स्वच्छ साठवणीच्या पाण्यात वाढतो. टाकीचे झाकण घट्ट असावे आणि मोठ्या हौदात गप्पी मासे सोडावेत, हे आम्ही दारोदार सांगत असू.

जुळे सोलापूरकर

दोघांचेही मनापासून आभार. काका, कागद पाहिले. पहिल्या दोन वेळी फाल्सिपेरम होता, शेवटच्या वेळी व्हायव्हॅक्स. म्हणजे फाल्सिपेरमविरुद्ध आलेली प्रतिकारशक्ती इथे फारशी कामाची नव्हती, असे समजू का? आणि पुण्यात तयार होणारी लस वहिनीला देता येईल का?

होटगी रस्ता

होय, एका जातीविरुद्धच्या संरक्षणाचा दुसऱ्या जातीसाठी भरवसा धरता येत नाही. ही माहिती आधी नसल्यामुळे मी शेवटच्या तापाचे जे कारण लिहिले, ते इथे लागू पडत नाही.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणाऱ्या आर-२१ लशीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये केली, पण ती लहान मुलांसाठी आणि फाल्सिपेरमविरुद्ध आहे, म्हणून वहिनींना तिचा उपयोग नाही. परजीवीच्या विविधतेचा प्रश्न लशीलाही सुटलेला नाही. तिच्या आधीच्या आरटीएस,एस लशीच्या चाचणीत ५ ते १७ महिन्यांच्या बाळांमध्ये, लशीतील प्रथिनाशी जुळणाऱ्या परजीवींविरुद्ध वर्षभरात सुमारे ५० टक्के संरक्षण दिसले, तर न जुळणाऱ्यांविरुद्ध सुमारे ३३ टक्केच.

वहिनींची काळजी मात्र गांभीर्याने घ्या. गरोदरपणात फाल्सिपेरमचे काही परजीवी ‘व्हार-२-सीएसए’ हे रूप घेतात आणि वारेत चिकटून बसतात. त्यामुळे आईला रक्तक्षय होतो आणि बाळाचे वजन कमी भरते. आफ्रिकेत लहानपणापासून हिवताप सोसलेल्या स्त्रियांनाही पहिल्या खेपेला याचा त्रास अधिक होतो, कारण हे रूप त्यांच्या शरीराने तोवर पाहिलेले नसते. आपल्या वहिनींच्या शरीराने तर कोणतेच रूप पाहिलेले नाही. शक्य असल्यास बाळंतपण होईपर्यंत त्यांना सोलापुरातच ठेवावे, हे माझे स्पष्ट मत आहे.

निवृत्त आरोग्य सेवक, बार्शी

मलाही तेच वाटते. जावेच लागले तर कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी पहिल्या रात्रीपासून वापरावी आणि ताप आला तर त्याच दिवशी आशाताईंकडे रक्त तपासून घ्यावे. गरोदर असल्याचे आधी सांगावे, कारण प्रायमाक्विन गरोदरपणात देत नाहीत. सोलापुरात परत आल्यावर ताप आला, तर गडचिरोलीत राहून आल्याचे डॉक्टरांना स्वतःहून सांगावे, नाहीतर इथे डेंग्यू आणि टायफॉइडच्या तपासण्या आधी होतात आणि रक्ताची काचपट्टी मागे राहते.