ब्रॉडहेड लावला की बाण उजवीकडे जातो, आणि रायफलीचं झिरो टिकत नाही : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

शिकारीचा हंगाम उघडायला सहा आठवडे उरलेत. परवाना हातात आहे. मागचे दोन हंगाम रायफलीने केले, यंदा पहिल्यांदाच धनुष्य घेऊन हरणामागे जायचं ठरवलंय. पण ज्या बाणाने जायचं तोच सरळ जात नाहीये. हरणाचं हृदय आणि फुप्फुसं मिळून जी जागा होते ती जेमतेम वीतभर. बाण त्या वितीत पडेल याची खात्री नसेल तर मी निघणार नाही. जखमी जनावर झुडपांत निसटून दोन दिवस तडफडत मेलं, असं माझ्या हातून व्हायला नको आहे.

सामान असं आहे : कंपाउंड (चाकांचं) धनुष्य, ड्रॉ लेंग्थ (दोरी ओढायचं अंतर) २९ इंच, ड्रॉप-अवे रेस्ट (बाण टेकवायचा, सुटताना खाली पडणारा आधार), पाच पिनांची साईट (निशाण धरायची चौकट), डी-लूप (दोरीवरचा छोटा फास) आणि मनगटाचा रिलीज (दोरी सोडायची कळ). बाण कार्बनचे, ४०० स्पाइन (ताठपणाचा आकडा), शाफ्टची (बाणाच्या दांड्याची) लांबी २८.५ इंच, पुढे १२५ ग्रेनचं टोक (ग्रेन हे वजनाचं छोटं माप). फील्ड पॉइंट (सरावाचं साधं टोक) लावून २० मीटरवर चार बाण मुठीएवढ्या जागेत बसतात. ३० मीटरवरही वाईट नाहीत. त्याच शाफ्टवर तीन पात्यांचा ब्रॉडहेड (शिकारीचं धारदार टोक) चढवला की ३० मीटरवर बाण सुमारे १५ सेंमी उजवीकडे जातात, आणि तिथेही एकत्र पडत नाहीत, विखुरतात.

दोन आठवडे मी साईटच हलवतोय. ब्रॉडहेडसाठी पिन उजवीकडे नेली की फील्ड पॉइंट बिघडतात. ४० मीटरवर गेलो की पुन्हा सगळं वेगळंच.

दुसरा प्रश्न रायफलीचा, ती सोबत असणारच आहे. तिचं झिरो, म्हणजे दुर्बिणीचं निशाण आणि गोळी एका जागी जुळवणं, टिकत नाही. बोल्ट अ‍ॅक्शन, साधी शिकारीची दुर्बीण, पाव एमओएचे (एमओए हे कोनाचं छोटं माप) क्लिक. एखाद्या दिवशी १०० मीटरवर तीन गोळ्या ४ सेंमीत बसतात. पुढच्या वेळी तोच पुंजका ८-१० सेंमी डावीकडे. मी टरेट (दुर्बिणीवरची फिरकी) फिरवून मध्ये आणतो, पुढच्या वेळी तो भलतीकडे. दुर्बीण गेली म्हणायची का?

धनुष्याचं काम दुकानात एकदा दाखवलं, पण तिथे फक्त पिना हलवून दिल्या. जाणकारांनी कृपया वाट दाखवावी.

प्रतिसाद १

साईटला हात लावणं आजपासून थांबवा. आधी तीन गोष्टी सांगा. बाण घेतले तेव्हा धनुष्य किती पौंडांवर (दोरी ओढायला लागणारा जोर) होतं आणि आता किती आहे? टोक पहिल्यापासून १२५ ग्रेनचंच होतं का? कागदातून बाण मारून पाहिलाय का, आणि फाट कुठल्या बाजूला गेली?

धागाकर्ता

बाण घेतले तेव्हा ६० पौंड आणि १०० ग्रेन. उन्हाळ्यात ताकद वाढली म्हणून दोन्ही लिंबचे (धनुष्याच्या वरच्या-खालच्या बाहूंचे) बोल्ट सारखेच आवळत नेले, आता तराजूवर ६७ पौंड भरतं. शिकारीसाठी जड टोक बरं, असं वाचून १२५ ग्रेन घेतलं. बाण तेच ठेवले.

कागद आज मारून पाहिला. चौकटीवर ताणलेला कागद माझ्यापासून दोन मीटरवर, मागे फोमचं लक्ष्य. टोकाचं भोक एकीकडे आणि पिसांची फाट त्याच्या डावीकडे जवळपास ३ सेंमी. सहा वेळा मारला, सहाही वेळा तशीच. मी उजव्या हाताने ओढतो.

प्रतिसाद २

तुमच्या उत्तरातच दुखणं सापडलं. बाण मऊ पडलाय.

स्पाइनचा आकडा कुठून येतो ते एकदा समजून घ्या, म्हणजे पुढे कुणी काही विकायला आलं तरी फसणार नाही. शाफ्ट २८ इंचांवरच्या दोन टेकूंवर आडवा ठेवतात आणि मधोमध १.९४ पौंडांचं, म्हणजे ८८० ग्रॅमचं वजन टांगतात. तो किती वाकला ते इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. ४०० स्पाइन म्हणजे ०.४०० इंच, साधारण १० मिमी वाक. ३४० म्हणजे ८.६ मिमी. आकडा लहान तितका बाण ताठ. नवखे लोक इथे हमखास उलटं समजतात.

पण ही झाली टेकूवरची गोष्ट. धनुष्यातून सुटताना मागून दोरीचा धक्का बसतो आणि पुढे टोकाचं वजन जागेवरून हलायला तयार नसतं, त्या कात्रीत शाफ्ट वाकतो. धक्का वाढवा, तो जास्त वाकेल. टोक जड करा, तरी जास्त वाकेल. शाफ्ट लांब ठेवा, तरी तेच. तुम्ही यातल्या दोन गोष्टी एकदम केल्यात : सात पौंड वाढवले आणि टोकाला २५ ग्रेन चढवले. ६० पौंड, १०० ग्रेनला जो ४०० बरोबर होता तो आता वेतासारखा लवतोय. उजव्या हाताच्या, रिलीजने सोडणाऱ्या माणसाची फाट डावीकडे जाणं ही मऊ बाणाची नेहमीची खूण आहे. पिसं कशाला तरी घासत असली तरीही अशीच फाट येते, म्हणून ते आधी तपासा : पिसांवर आणि रेस्टवर पायाला लावायची पावडर फवारा, एक बाण मारा आणि कुठे पुसली गेली ते बघा.

मग फील्ड पॉइंट का गोंधळत नाहीत? कारण ते गुळगुळीत असतात. बाण थोडा तिरका सुटला तरी मागची पिसं त्याला दहा-पंधरा मीटरांत सरळ करतात आणि तुम्हाला काही कळत नाही. ब्रॉडहेडची पाती म्हणजे बाणाच्या पुढच्या टोकाला लावलेले पंख. बाण तिरका सुटला की ती हवा धरतात आणि बाणाला आपल्या बाजूला ओढून नेतात. शेपूट डावीकडे म्हणजे तोंड उजवीकडे, आणि तुमचे ब्रॉडहेड उजवीकडेच जाताहेत. तुमचा कागद आणि तुमचं लक्ष्य एकच साक्ष देताहेत.

उपाय दोन. एकतर दोन्ही बोल्ट सारखे सैल करून पुन्हा ६० पौंडांवर या आणि १०० ग्रेनचं टोक लावा, पैसा खर्च न होता काम होईल. हरणाला ६० पौंड भरपूर आहेत. किंवा ६७ पौंडच हवे असतील तर ३४० स्पाइनचे शाफ्ट घ्या. उत्पादकाच्या तक्त्यात ड्रॉ वेट (ओढायचे पौंड), शाफ्टची लांबी आणि टोकाचं वजन हे तिन्ही आकडे घालून बघा, दोनच घालू नका. तयार बाणाचं एकूण वजन दर पौंडामागे ५ ग्रेनच्या खाली जाऊ देऊ नका. त्याहून हलका बाण म्हणजे धनुष्याला जवळपास रिकामी दोरी सोडल्यासारखा मार. शिकारीला मी साडेसहाच्या आसपास ठेवतो, आवाजही कमी होतो.

बाण बदलल्यावर क्रम असा ठेवा : नॉकची (बाण दोरीवर बसतो त्या खाचेची) उंची, मग रेस्ट, मग कागद, मग लांबवर ब्रॉडहेड आणि फील्ड पॉइंट शेजारी शेजारी, आणि सगळ्यांत शेवटी साईट. शेपूट वर फाटत असेल तर नॉकिंग पॉइंट किंचित खाली घ्या. डावी-उजवी फाट रेस्टने सुधारायची, पण एका वेळी अर्धा-पाऊण मिलिमीटर, त्याहून जास्त नाही. फाट लहान झाली तर त्याच दिशेने पुढे, मोठी झाली तर उलट. प्रत्येक वेळी पेन्सिलीने खूण करा. रेस्ट मूळ जागेपासून फार दूर जायला लागला तर समजा बाण अजून चुकीचाच आहे, रेस्टने तो झाकू नका.

प्रतिसाद ३

वरच्याला पूर्ण अनुमोदन. दोन गोष्टी जोडतो.

ब्रॉडहेड सरळ बसलाय का ते प्रत्येक बाणाचं वेगळं बघा. टोक टेबलावर टेकवून बाण उभा धरा आणि बोटांनी भोवऱ्यासारखा फिरवा. टोकाशी थरथर दिसली तर इन्सर्ट (टोक ज्यात पिळून बसवतात तो तुकडा) तिरका चिकटलाय किंवा शाफ्टचं तोंड काटकोनात कापलेलं नाही. तुमचे ब्रॉडहेड विखुरताहेत त्याचं एक कारण हेही असू शकतं, कारण मऊ बाण असला तरी ते सगळे मिळून एकाच बाजूला जायला हवेत. पाती नेहमी त्यांच्या पान्यानेच घट्ट करा. उघड्या बोटांनी ब्रॉडहेड पिळणाऱ्या माणसाची बोटं शिवताना मी पाहिली आहेत.

दुसरं, मूठ. ग्रिप मुठीत आवळलीत की रायझर (धनुष्याचा मधला दांडा) सुटताना पिळतो. अंगठ्याच्या गादीवर धनुष्य टेकू द्या, बाकीची बोटं सैल. दोरी गालात रुतत असेल तर ड्रॉ लेंग्थ अर्धा इंच जास्त आहे का तेही बघा. फील्ड पॉइंटवर या चुका लपतात, ब्रॉडहेड त्या चव्हाट्यावर आणतो.

प्रतिसाद ४

धनुष्यातलं मला फार कळत नाही, रायफलीबद्दल बोलतो.

दुर्बीण गेली असं इतक्यात म्हणू नका. खराब दुर्बिणींपेक्षा सैल स्क्रू मी कितीतरी जास्त पाहिलेत. रायफल रिकामी करा, बोल्ट बाहेर काढा, चेंबरमध्ये बोट घालून खात्री करा. मग दुर्बीण रिंगांसकट उतरवून खालचा बेस हाताने हलवून बघा. बेसचे स्क्रू रिंगांखाली झाकलेले राहतात, म्हणून वर्षानुवर्षं कुणी त्यांच्याकडे बघत नाही. तेल पुसून, उत्पादकाने दिलेल्या आकड्याला टॉर्क पान्याने बसवा. दस्त्याला नळी धरून ठेवणारे स्क्रूही तसेच. अंदाजाने करकचून आवळू नका, दुर्बिणीची नळी चेपते.

मग नव्याने झिरो. बोल्ट काढलेलाच आहे, तर रायफल पिशव्यांवर स्थिर ठेवून २५ मीटरवरचा ठिपका नळीतून मधोमध दिसेल अशी करा आणि रायफल न हलवता दुर्बिणीची फुली त्याच ठिपक्यावर आणा. एवढ्याने पहिली गोळी बहुतेक वेळा कागदावर येते. २५ वर ढोबळ दुरुस्ती करून १०० वर जा.

१०० मीटरवर एक एमओए म्हणजे २.९ सेंमी, तुमचा पाव एमओएचा एक क्लिक ७ मिमीहून किंचित जास्त. पुंजक्याचा मध्य ४ सेंमी डावीकडे असेल तर पाच-सहा क्लिक उजवीकडे. ५० मीटरवर तोच क्लिक निम्माच सरकवतो, म्हणून तिथे दुप्पट लागतात. एका गोळीवरून कधीही टरेट फिरवू नका. तीन मारा, पाच मारल्या तर आणखी चांगलं, त्यांचा मध्य काढा आणि त्यावरून ठरवा. नळी हाताला गरम लागली की थांबा, बारीक नळी तापली की गोळ्या सरकायला लागतात. पिशवी दस्त्याच्या पुढच्या भागाखाली हवी, नळीखाली नको. काडतुसं एकाच बनावटीची, एकाच वजनाची. गेल्या दोन वेळी वेगळी पेटी वापरली होती का, हे आठवून बघा.

आणि रायफलीवर टरेटवरची बाणाची खूण दाखवते त्या दिशेला गोळी सरकते. धनुष्यावर पिन चुकलेल्या बाणाच्या मागे न्यायची : बाण डावीकडे तर पिन डावीकडे. दोन्ही हत्यारं एकाच आठवड्यात लावणाऱ्याचा इथे गोंधळ उडतो, कागदावर लिहून सोबत ठेवा.

प्रतिसाद ५

मचाणावरून मारणार असाल तर साईटवरच्या पाणसळीचा बुडबुडा नीट लावून घ्या. धनुष्य थोडं कललं की लांबवर बाण कललेल्या बाजूला जातो. आणि अंतर जमिनीवरचं धरायचं, तिरकं नाही : ३० मीटर तिरकं आणि ३० अंशांचा उतार असेल तर पिन २६ मीटरची. कमरेत वाका, हात खाली करू नका.

धागाकर्ता

तीन आठवड्यांनी लिहितोय, उशिराबद्दल क्षमस्व.

पावडर मारून पाहिली, पिसं कुठेही घासत नव्हती. मग आधी फुकटातला उपाय केला. बोल्ट सैल करून ६० पौंड, १०० ग्रेन. कागदावरची फाट ३ सेंमीवरून अर्ध्या सेंमीवर आली, आणि रेस्ट एक मिलिमीटर हलवल्यावर जवळपास गोल भोक. ३४० चे शाफ्ट घेतले नाहीत, या हंगामाला ६० पौंडच ठेवणार. त्याचा एक फायदा असा झाला की थंडीत, जाड कोटात, बसल्या जागी धनुष्य शांतपणे ओढता येतं. ६७ ला मला ते आभाळाकडे करून ओढावं लागत होतं.

सहापैकी दोन बाण भोवऱ्याच्या परीक्षेत नापास झाले. एकाचा इन्सर्ट काढून पुन्हा बसवला, दुसरा सरावाला ठेवला. आता ३० मीटरवर ब्रॉडहेड आणि फील्ड पॉइंट एकाच तळहाताखाली येतात. त्यानंतरच साईट लावली, आणि ती एका संध्याकाळीत लागली.

रायफलीच्या बेसचा मागचा एक स्क्रू बोटाने फिरत होता. बसवला, २५ वरून १०० वर नेली, वेगवेगळ्या चार दिवशी चार पुंजके मारले. चौघांचे मध्य २ सेंमीच्या आत आहेत. टरेटला त्यानंतर हात लावलेला नाही.

बाणासाठी अंतराची मर्यादा २५ मीटर ठरवली आहे, त्यापलीकडे हरीण उभं राहिलं तरी धनुष्य खालीच. रोज सकाळी अंग गरम न करता, जंगलात घालायच्या कोटातच, २५ मीटरवर ब्रॉडहेडचा एकच बाण मारतो आणि वहीत लिहितो. एकोणीस सकाळींपैकी सतरा बाण वितीच्या आत, दोन बाहेर. ते दोन्ही वाऱ्याच्या दिवशीचे, आणि दोन्ही वेळी मी मूठ आवळली होती.