वही सोडून लिहायचा टॅब घ्यावा का?

साइटवर_परळ
मंडळी, मी स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडे कामाला आहे, ऑफिस परळला आणि साइट्स कांदिवली ते मुलुंड कुठेही. मीटिंगची वही वेगळी, साइटची वेगळी, स्केचेस सुट्या कागदांवर, आणि हवं असतं ते नेमकं घरी राहिलेल्या वहीत. त्यात पावसाळ्यात बॅगेत पाणी गेलं की जेल पेनने लिहिलेल्या चेकिंगचं निळं सरबत. रीमार्केबलसारखं ई-इंकवालं (कागदासारखा पडदा असलेला, फक्त लिहा-वाचायचा टॅब) घेऊ की साधा टॅब? लिहितो मराठी-इंग्रजी मिसळून. वापरणाऱ्यांनीच सांगा, यूट्यूब बघून डोकं फिरलंय.

कुर्ला_स्लो
मी ई-इंकवर लिहितो. उन्हात गच्चीवर उभं राहून स्वच्छ दिसतं, साध्या टॅबचा तिथे आरसा होतो. पडद्यात काळे-पांढरे कण असतात, ते हलवायलाच काय तो करंट लागतो, नुसतं पान समोर उघडं असेल तर बॅटरी जवळपास खातच नाही. पण रीमार्केबल २ ला स्वतःचा लाइट नाही, म्हणजे बेसमेंटमध्ये टॉर्च धरा. २०२४ ला आलेल्या पेपर प्रोमध्ये लाइट आणि रंग दोन्ही आहेत, किंमत बघून मी टॅब बंद केला (ब्राउझरचा). आणि स्क्रीन मुद्दाम खरखरीत असते म्हणून पेनाचं टोक (निब) झिजतं, तो खर्च धरून चाला.

ठाण्याची_ड्रॉइंगवाली
तुमचं काम साइटचं आहे ना, मग साधाच टॅब घ्या हो. हनीकोंब (काँक्रीटमध्ये राहिलेली पोकळ भोकं) दिसलं की फोटो काढायचा, त्यावरच लाल गोल करायचा आणि ग्रुपवर टाकायचा, हे रीमार्केबलवर कुठे जमणार. माझा सॅमसंगचा एस सिरीजवाला आहे, पेन बॉक्समध्येच आलं आणि लिहिण्यासाठी ते चार्ज करावं लागत नाही, स्क्रीनखालूनच त्याला पॉवर मिळते. आयपॅडचं पेन वेगळं विकत घ्या आणि वर चार्जही करत बसा. पावसाचे थेंब पडले की टच येड्यासारखा वागतो, म्हणून नोट्सच्या अ‍ॅपमध्ये फक्त पेनने लिहायचं सेटिंग करून ठेवलंय. लोकलमध्ये लिहायचं मात्र विसरा, चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून अकरा इंची टॅब कुठे धरणार!

फोर्टचा_म्हातारा
टॅब घ्या, पण सगळ्या वह्या रद्दीत घालू नका. पोअर कार्ड (काँक्रीट ओतण्याआधीच्या तपासणीचा कागद), क्यूबचं (काँक्रीटच्या चाचणी-ठोकळ्यांचं) रजिस्टर, साइटवर दिलेल्या सूचनांचं इन्स्ट्रक्शन बुक, जिथे कॉन्ट्रॅक्टरची सही लागते ते कागदावरच ठेवा. २८ दिवसांनी ताकद तपासताना क्यूब फेल गेला की पहिला प्रश्न येतो सही कुणाची, तेव्हा टॅबमधलं पान दाखवलंत तर समोरचा म्हणणार हे तुम्ही काल रात्री लिहिलंत.

कुर्ला_स्लो
काका +१. अजून एक, हस्ताक्षरातलं मराठी शोधता येईल या भरवशावर घेऊ नका. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात किंवा मॉलमध्ये जाऊन तुमचंच वाक्य लिहा, "सी-४ कॉलमला कव्हर कमी" वगैरे, आणि सर्च मारून बघा. नाही सापडलं तर पानाचं नाव टाइप करायचं, साइट आणि तारीख, बास. आणि दर शनिवारी पीडीएफ काढून दुसरीकडे ठेवत जा.

साइटवर_परळ
थँक्स सगळ्यांना. साधा टॅबच घेतो, सह्यांचं सगळं कागदावर. ताई, त्या एस सिरीजमध्ये जुनं मॉडेल सेकंडहँड घेतलं तर बॅटरी कशी तपासायची?