मॉलच्या पार्किंगवरून महागाई मोजणाऱ्यांसाठी

किराणा_भुसार

काल इथे एका सदस्याने लिहिलं : 'शनिवारी मॉलमध्ये पार्किंगला जागा नाही, हॉटेलबाहेर पाऊण तास वेटिंग, दिवाळीत विमानाची तिकिटं मिळेनात. कुठे आहे ती महागाई आणि बेकारी? लोकांना रडायची सवय लागलीय.' खाली धडाधड अंगठे. गिऱ्हाईक होतं म्हणून तेव्हा गप्प बसलो. आता शटर अर्धं ओढलंय, तर लिहितो.

नाशिकला सिडकोत माझं किराणा दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासून. गिऱ्हाईक बहुतेक अंबड-सातपूर एमआयडीसीतलं. पूर्वी सात तारखेला पगार झाला की आठला उधारीची वही कोरी व्हायची. आता आठला निम्मी कोरी होते, उरलेली पुढच्या पानावर ओढतो. महिन्याची यादी घेऊन येणारी घरं आता दिवसाचं सामान नेतात. पाव किलो तूरडाळ, दहाची चहाची पुडी, दोनवाला शाम्पू. परवा एक बाई लिटरच्या तेलाची पिशवी हातात घेऊन उलटसुलट बघत होत्या. दिसायला लिटरसारखीच, आत ७५० ग्रॅम. 'भाऊ, ही आजारी पडली का?' म्हणाल्या. हसलो, पण त्यांनी ती ठेवली आणि अर्ध्या लिटरची नेली.

त्यांचा मुलगा अंबडला ठेकेदाराकडे आहे. हातात साडेचौदा हजार, सात महिन्यांनी ब्रेक, म्हणजे काही काळ बिनकामाचा घरी. ब्रेकचे महिने माझ्या वहीत बरोबर ओळखू येतात.

तेव्हा साहेब, पार्किंग नसेल तर रिक्षाने या कधी.

टोलनाका_पुणे

मूळ पोस्ट माझीच. आडून बोलण्यापेक्षा नाव घेतलं असतं तरी चाललं असतं.

तुमची वही हा पुरावा नाही. ज्याच्याकडे पैसा आहे तो तुमच्याकडे येणं बंद झालाय. तो मॉलमधून महिन्याचं भरतो, नाहीतर दहा मिनिटांत आणून देणाऱ्या अ‍ॅपवरून मागवतो. तुमच्याकडे उरलेत ते फक्त उधारीवाले. त्यांच्याकडे बघून अख्ख्या गावाची गरिबी ठरवणं म्हणजे दवाखान्यात बसून 'सगळं जग आजारी आहे' म्हणण्यासारखं. दुःख धंद्याचं आहे, नाव महागाईचं.

आकडे हवेत? सरकारचं घरगुती खर्चाचं सर्वेक्षण घ्या. शहरात माणशी महिन्याचा खर्च २०११-१२ मध्ये २,६३० रुपये होता, २०२३-२४ मध्ये ६,९९६. महागाई वजा केली तरी ३,६३२. खेड्यात तर त्याहून जोरात वाढलाय. बेरोजगारी २०१७-१८ मध्ये ६.१ टक्के होती, २०२३-२४ मध्ये ३.२. ऑक्टोबर २०२५ मध्ये महागाईचा दर पाव टक्का. पाव! आता बोला.

किराणा_भुसार

बोलतो. ६,९९६ गुणिले चार, म्हणजे चौघांच्या घराला अठ्ठावीस हजार. ही तुमची सरासरी. आणि माझ्या वहीतला पोरगा साडेचौदावर, घरात माणसं पाच. सरासरीत तुम्ही आणि तो एकाच ताटात जेवता. ढेकर मात्र तुमचीच येते.

आणि दर पाव टक्का म्हणजे भाव उतरले असं नसतं हो. वर गेलेलं तिथेच बसलंय, आणखी चढलं नाही, एवढंच. भाजी-डाळी तेवढ्या मागच्या वर्षीपेक्षा उतरल्या, मान्य. पण तेलावर सप्टेंबर २०२४ ला आयात शुल्क वाढलं तेव्हा माझ्या रॅकवरचा जुना मालसुद्धा आठवड्यात महागला, आणि मे २०२५ ला कच्च्या तेलाचं शुल्क उतरलं तेव्हा कंपनीला खाली यायला महिने लागले.

अ‍ॅपचं म्हणाल तर बरोबर आहे. बरी गिऱ्हाइकं गेली. घ्या, मिळालं समाधान?

आजोबा_सदाशिव

वय ७६. तुम्हा दोघांपेक्षा जास्त महागाई पाहिली आहे. १९७२ च्या दुष्काळात आमच्या घरी रेशनचा मिलो यायचा, लाल ज्वारी, भाकरी थापली की तुटायची. रोजगार हमीच्या कामावर बायका खडी फोडत होत्या, तिथे मिळणारी सुकडी, पौष्टिक पिठाची, खाऊन. मुंबईत मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर लाटणी घेऊन बायकांचा मोर्चा काढत होत्या. त्याला महागाई म्हणतात. रॉकेलच्या रांगेत मी अभ्यास केला आहे. आज पोरांच्या हातात वीस हजारांचा फोन, हप्त्यावर का होईना, आणि वर म्हणे परवडत नाही.

मावशी_डोंबिवली

आजोबा, आदर आहे, पण 'आमच्या वेळी मिलो होता' हे किती वर्षं ऐकायचं? मिलो नाही म्हणून आता सगळं छान का?

फोन हौस नाही, शाळेचा गृहपाठसुद्धा ग्रुपवर येतो. माझे मिस्टर खासगी कंपनीतून निवृत्त झाले, पीएफची पेन्शन येते महिना १,८४०. किमान पेन्शन २०१४ साली हजार ठरली, ती आजही हजारच. रक्तदाबाची गोळी, शुगरची गोळी, चष्मा. मुलाच्या मुलीची फी वर्षाला ५८ हजार, त्यात 'अ‍ॅक्टिव्हिटी' म्हणून वेगळे सहा हजार, ती काय अ‍ॅक्टिव्हिटी करते देव जाणे, एकदा मडकं रंगवून आणलं होतं. तुमच्या त्या २०१२ च्या पायावरच्या महागाई निर्देशांकात शिक्षणाला शंभरात साडेचार गुणसुद्धा नव्हते. आमच्या घरात वीस आहेत. जानेवारी २०२५ ला एसटीचं भाडं जवळजवळ १५ टक्क्यांनी वाढलं, गावी जाणं वर्षातून एकदावर आलं.

आणि कांद्याचं तर विचारू नका. साठ-सत्तर रुपये झाला होता तेव्हा मी फोडणीत कोबी घालायला लागले. घरच्यांना कळलंसुद्धा नाही.

उन्हाळकांदा_निफाड

मावशी, सगळं पटलं, शेवटच्या ओळीला थांबलो. मी येईपर्यंत कुणीतरी कांद्याचं नाव काढणारच हे माहीत होतं.

सत्तर झाला की बातमी, संपादकीय, सरकार हलतं. आठ झाला की? ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क. डिसेंबरात थेट निर्यातबंदी. मे २०२४ ला बंदी उठली ती ४० टक्के शुल्क आणि टनाला ५५० डॉलर किमान निर्यात भावाची अट मानगुटीवर ठेवूनच. शुल्क पूर्ण गेलं एप्रिल २०२५ ला, तोवर बाहेरची गिऱ्हाइकं दुसऱ्याकडे वळली. हे सगळं कशासाठी? तुमची फोडणी स्वस्त राहावी म्हणून. महागाई कमी दिसते ना सरकारी आकड्यात, त्यातला थोडा हिस्सा माझ्या कांदा साठवायच्या चाळीत सडलाय.

टोलनाका_पुणे

झालं सुरू. विषय होता घरखर्च. शेतकऱ्याला कर्जमाफी, वीज सवलत, इन्कम टॅक्स शून्य. आम्ही पगार हातात यायच्या आधी टॅक्स भरतो.

उन्हाळकांदा_निफाड

टॅक्स? या, हिशोब बघा. एप्रिलमध्ये चाळीत ११० क्विंटल भरला. ऑक्टोबरात बाहेर काढला तेव्हा निवडून, खाद म्हणजे सडका माल बाजूला टाकून, ७१ भरला. बाकी पाणी होऊन गेला, वास घरापर्यंत. लिलावात भाव लागला साडेनऊशे क्विंटलला, गोल्टीला, म्हणजे बारक्या कांद्याला, चारशे. रोप, लागण, खत, काढणी, ट्रॅक्टर भाडं वजा करून हातात काय उरलं ते बायकोला अजून सांगितलेलं नाही. १२ लाखांपर्यंत टॅक्स नाही म्हणून फेब्रुवारी २०२५ च्या बजेटला टाळ्या तुम्ही वाजवल्या, मी नाही. मला १२ लाख बघायला कांदा सोन्याचा लागेल.

फेब्रुवारी २०२३ आठवतो का? सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकला आणि सगळा खर्च कापून त्याला २ रुपये ४९ पैसे निघाले. दोन रुपयांचा चेक, तोही पुढच्या तारखेचा. देशभर फोटो फिरला. मग क्विंटलला ३५० अनुदान जाहीर झालं, सातबारावर पीकपेरा नोंदलेला हवा या अटीवर. माझा नोंदलेला नव्हता.

मावशी_डोंबिवली

मला बोलून काय उपयोग भाऊ? तुम्हाला साडेनऊ मिळाले तेव्हा मी डोंबिवलीत तीसने घेतला. मधले वीस कुणी खाल्ले ते विचारा. मी नाही खाल्ले.

आजोबा_सदाशिव

मधले दलाल १९७२ मध्येही खात होते.

उन्हाळकांदा_निफाड

मावशी तुम्हाला नाही बोललो. राग आला तो टॅक्सवाल्यांचा. पण ग्राहक ओरडतो तेव्हा सरकार त्याचं ऐकतं, एवढं तरी कबूल करा.

मावशी_डोंबिवली

सरकार माझं ऐकत असतं तर पेन्शन हजारावर राहिली असती का?

सातपूर_जॉबवर्क

कांदा बाजूला ठेवा दोन मिनिटं. बेकारी म्हणता ना? माझ्या वर्कशॉपच्या गेटवर चार महिने बोर्ड आहे, 'व्हीएमसी ऑपरेटर पाहिजे', म्हणजे धातू कापायचं कॉम्प्युटरवरचं मशीन चालवणारा. दोन पोरं आली. एक तिसऱ्या दिवशी दुपारी डबा खाऊन गेला तो गेलाच. डबा अजून इथेच आहे. कामाला माणूस मिळत नाही आणि सगळीकडे बेकारीचं रडगाणं. ज्याला त्याला खुर्ची पाहिजे.

अभ्यासिका_टेबल४

दादा, पगार किती लिहिलाय बोर्डावर?

सातपूर_जॉबवर्क

सोळा. ओव्हरटाइम वेगळा.

अभ्यासिका_टेबल४

आणि शिफ्ट बारा तासांची, बरोबर? सोळातले साडेपाच खोलीला, साडेतीन मेसला, पेट्रोल, फोन. घरी काय पाठवायचं? माझ्या भावाने असंच काम दीड वर्ष केलं. बोटाचं टोक गेलं तेव्हा मालक म्हणाले, रजिस्टरवर नाव नाही.

मी खुर्चीवालीच. पुण्यात अभ्यासिकेत चौथं वर्ष. २०२३ ची तलाठी भरती, ४,६४४ जागा, अर्ज दहा लाखांच्या वर, फी हजार रुपये, मागासवर्गीयांना नऊशे. बेरोजगारांकडून किती कोटी गोळा झाले ते गुणून बघा. पोलीस भरती १७,४७१ जागांची निघाली तर अर्ज सतरा लाखांवर, त्यात इंजिनिअर, एमबीए.

टोलनाका साहेब, तुमच्या ३.२ टक्क्यांत मी नाही, बरं का. मी अभ्यास करते, काम शोधत नाही, म्हणून मोजणीत मी 'विद्यार्थी', श्रमशक्तीच्या बाहेर. भाऊ आता वडिलांच्या चार एकरांत राबतो, पगार नाही, पण तो 'रोजगारात'. घरात कमावतं कुणी नाही आणि बेकारही कुणी नाही. आई म्हणते, बाहेर सांगायला बरंय.

टोलनाका_पुणे

हे माहीत नव्हतं. पण व्याख्या २०१७-१८ लाही हीच होती, आणि तेव्हा आकडा जास्त होता. म्हणजे सुधारणा झालीच ना?

अभ्यासिका_टेबल४

झाली. नोकरी न मिळालेली माणसं शेतात परत गेली, ती पण त्यात मोजली गेली. त्याला सुधारणा म्हणायचं तर म्हणा.

सातपूर_जॉबवर्क

ताई, बोटाचं वाईट वाटलं. माझ्याकडे सगळ्यांचा ईएसआय, म्हणजे कामगार विमा, आहे, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. पण पगाराचं माझंही ऐका. ज्या मोठ्या कंपनीचं काम करतो तिचा जॉबवर्कचा दर २०१९ पासून तोच. वीज वाढली, टूल इन्सर्ट वाढले. दर वाढवा म्हटलं तर म्हणतात, चाकणला स्वस्तात करणारा आहे. बिल नव्वद दिवसांनी. मी वीस कुठून देऊ? गेल्या दिवाळीत बोनससाठी बायकोच्या पाटल्या ठेवल्या. अजून तिथेच आहेत.

किराणा_भुसार

बघा टोलनाका, हे मालक आहेत. यांच्या वर्कशॉपसमोरही पार्किंग फुल्ल असतं. बघणाऱ्याला वाटेल काय बरकत आहे.

आजोबा_सदाशिव

लाडकी बहीणचे दीड हजार मिळतात ना घरोघरी? जुलै २०२४ पासून. ते कुठे जातात?

किराणा_भुसार

माझ्याकडे येतात, आजोबा. खोटं का बोलू? हप्ता पडला की दोन दिवस गर्दी. पूर्वी सात तारखेला असायची, आता हप्त्याच्या मेसेजनंतर. वहीतली सर्वांत जुनी उधारी बायका त्यातून फेडतात. नवऱ्याची.

आजोबा_सदाशिव

मग फुकट वाटप वाईट म्हणता येणार नाही म्हणायचं.

मावशी_डोंबिवली

आजोबा, सुकडी काय विकत होती का?

आजोबा_सदाशिव

सुकडी कामाच्या बदल्यात होती. खडी फोडून. फरक आहे. (पण मुद्दा लागला.)

टोलनाका_पुणे

सगळे मिळून मला व्हिलन करताय तर ऐका. मीही काही टाटा-बिर्ला नाही. फ्लॅटचा हप्ता ५४ हजार, वीस वर्षांचा. ऑफिसात मागच्या तिमाहीत आमच्या टीमचे सहा जण घरी गेले, त्यातला एक माझ्याच शेजारी बसायचा. त्याची खुर्ची अजून कुणी हलवलेली नाही. मी मॉलमध्ये जातो कारण मुलांना शनिवारी बाहेर नेलं नाही तर बायको विचारते, 'सगळं ठीक आहे ना?' दोन कॉफ्या आणि एक पॉपकॉर्न, चौघांत. पार्किंग फुल्ल असतं हे खरं. सगळे तिथे खरेदी करतात असं मी म्हणालो नव्हतो.

तरीही, ७२ पेक्षा बरं आहे.

किराणा_भुसार

७२ पेक्षा बरं आहे, हे मीही म्हणेन. तुमच्या पोस्टीत ते वाक्य नव्हतं. रडायची सवय लागलीय, असं होतं.

टोलनाका_पुणे

बरं, ते वाक्य मागे. बाकी आकडे मागे घेत नाही.

निफाडकर, तुमच्या चाळीत कांदा उरलाय का अजून? सोसायटीत चाळीस फ्लॅट आहेत. वीस रुपयांनी घेऊ, मधला कुणी नको.

उन्हाळकांदा_निफाड

अकरा क्विंटल आहे, निवडलेला. वीस म्हणजे लिलावाच्या दुप्पट झाला, नाही कसं म्हणू? पण पुण्याला पिकअपचं भाडं साडेसहा हजार सांगतायत. किलोमागे सहा रुपये त्यातच गेले. ते कुणाच्या वाट्याला?

टोलनाका_पुणे

निम्मं-निम्मं. डिलिव्हरी कधी मिळेल?

किराणा_भुसार

दहा मिनिटांत.